ब्याऐंशी लाख ठिपके

"मी फोर-के घेतोय," मोजणीसाहेबांनी जेवता जेवता जाहीर केलं आणि पुढच्या भडिमारासाठी मान खाली घातली.

भडिमार झालाच नाही.

"घ्या की," बायको म्हणाली. "घ्यायचाच तर चांगला घ्या."

मोजणीसाहेबांचा घास हातातच राहिला. चोवीस वर्षांच्या संसारात या बाईने साधी छत्री विरोधाशिवाय घेऊ दिली नव्हती. आणि आज चक्क प्रोजेक्टर? तोही गोल्फसाठी? तोही तिचीच खोली बळकावून? त्यांनी बायकोकडे नीट पाहिलं. ती शांतपणे भात कालवत होती. ताट मांडीवर होतं, कारण जेवणाच्या टेबलावर कापड, कात्री आणि चार-पाच कोटांचे सुटे खांदे पसरले होते.

हे सगळं सुरू झालं ते मोठ्या साहेबांच्या घरी. मोठे साहेब म्हणजे जमीन मोजणीच्या कचेरीतले सर्वेसर्वा. त्यांच्या तळघरात भिंतभर पडदा होता आणि पडद्यावर प्रोजेक्टरने पाडलेलं हिरवंगार मैदान. आपण खऱ्या काठीने खरा चेंडू पडद्यावर हाणायचा. चेंडू धप्पकन खाली पडतो, पण एक यंत्र त्याचा वेग मोजतं आणि चित्रातला चेंडू पुढे उडत जातो. मोजणीसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा काठी फिरवली आणि चेंडू गेला एकशे चौसष्ट मीटर, नाकासमोर सरळ. मोठे साहेब म्हणाले, "वा!"

बस्स. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मोठ्या साहेबांच्या तोंडून 'वा' आलं नव्हतं. मोजणीसाहेबांनी डोंगर मोजला, दलदल मोजली, एकदा तर दोन भावांच्या भांडणात अंगणातला पेरूसुद्धा अर्धा अर्धा मोजून दिला. पण 'वा' नाही ते नाहीच. त्या दिवसापासून त्यांना दुसऱ्या 'वा'ची तहान लागली. त्यासाठी घरात असंच मैदान उभारायचं आणि मोठ्या साहेबांना खेळायला बोलवायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

घरात रिकामी भिंत होती फक्त मागच्या खोलीत, आणि मागच्या खोलीत बायको शिवायची. हौस म्हणून नव्हे हो, धंदा! एका वाद्यवृंदाचे चोवीस कोट महिन्याभरात द्यायचे होते. कोटांचे पॅटर्न ती कॉम्प्युटरवर घ्यायची, छत्तीस कागदांवर छापायची, ते कागद चिकटपट्टीने जोडायची, मग कापायची. त्या कागदांच्या चिंध्या साहेबांच्या पायमोज्यांतही सापडायच्या. खोली मागितल्यावर आठ दिवस महायुद्ध झालं. नवव्या दिवशी तह झाला.

तहाचा कागद साहेबांनी स्वतः लिहिला. लिहिण्यात त्यांचा हात कोण धरणार? "येत्या रविवारी मोठ्या साहेबांनी नऊ होलांचा डाव पूर्ण खेळल्यास खोली कायमची पतीची. तसे न झाल्यास सदर खोली, तीत जडवलेल्या, टांगलेल्या व ठेवलेल्या सर्व वस्तूंसह, आहे त्या स्थितीत पत्नीच्या ताब्यात." ताबा देण्याचे कागद ते आयुष्यभर असेच लिहीत आले होते. 'जडवलेल्या, टांगलेल्या' हे शब्द नसले तर त्यांना कागद उघडा वाटायचा. बायकोने दोनदा वाचला, सही केली आणि घडी घालून सुयांच्या डब्यात ठेवला.

प्रोजेक्टर आणायचं काम मेहुण्याकडे होतं, कारण त्याचं तसलंच दुकान. तो दोन प्रोजेक्टर घेऊन आला. एक साधा, एक फोर-के. भिंतीवर चादर लावून दोन्हींची चित्रं शेजारी शेजारी पाडली. साहेब भिंग घेऊन चादरीला नाक लावून बसले.

"भावोजी, खेळायचंय की गवतातल्या मुंग्या मोजायच्यात?" मेहुणा म्हणाला. "आठ फुटांवरून बघा. काय फरक दिसतोय?"

"दिसण्याचा प्रश्नच नाही. हिशेबाचा आहे." साहेबांनी वही काढली. "तीन मीटर रुंद चित्र. साध्या प्रोजेक्टरचे ठिपके वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. एकेक ठिपका दीड मिलिमीटरचा. याचे ब्याऐंशी लाख चौऱ्याण्णव हजार चारशे. ठिपका पाऊण मिलिमीटरचा! दीड मिलिमीटरच्या चुकीवर आमच्याकडे लोक कोर्टात जातात, माहितीये?"

"पण एवढे ठिपके हलवायला कॉम्प्युटर तगडा लागतो. तुमचा घरातला तर..."

"चालेल तो."

"अहो, त्याच्यावर ताई एक पॅटर्न उघडते तेवढ्यात चहा होतो!"

"चालेल म्हटलं ना!"

मेहुण्याने मदतीसाठी बहिणीकडे पाहिलं. ती आतून पडद्याचं कापड घेऊन आली होती. गोल्फसाठीच बनवलेलं जाडजूड विणीचं कापड; चेंडूचा मार खायला तसंच लागतं. तिने त्याचा कोपरा चिमटीत धरून चोळला, उजेडात धरला, धाग्यांवरून नख फिरवलं.

"काय गं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. मजबूत आहे," ती म्हणाली. "तुम्ही फोर-केच घ्या."

मेहुण्याने तोंडात बोटं घातली.

बुधवारी प्रोजेक्टर मागच्या भिंतीवर चढला. साहेबांनी टेपने चारदा मोजलं. पडद्यापासून प्रोजेक्टर, प्रोजेक्टरपासून छत, छतापासून जमीन, सगळं कसं जिथल्या तिथे. चित्र लागलं. काय ते मैदान! काय ती तळी! साहेबांनी काठी उचलली, चेंडूसमोर उभे राहिले, मान वर केली, आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मैदानाच्या ऐन मधोमध एक काळाकुट्ट, पोट सुटलेला माणूस काठी घेऊन उभा होता. तळी गायब, झेंडा गायब, अर्धं आकाश गायब.

"हा कोण?" साहेब ओरडले.

"तुम्हीच," मेहुणा म्हणाला. "सावली पडलीये तुमची."

साहेब मटकन खाली बसले. खोलीतला इंच न् इंच मोजला होता, फक्त स्वतःला मोजायचं राहिलं होतं. सव्वीस वर्षं ते यंत्रामागे उभे राहून जमीन मोजत होते. नकाशात डोंगर येतो, विहीर येते, बांधावरचं झाड येतं. मोजणारा कुठे येतो? चित्रात यायची त्यांना कधी सवयच नव्हती.

"मग जवळून मोठं चित्र पाडणारा घ्यावा लागेल," मेहुणा डोकं खाजवत म्हणाला. "छताला टांगायचा, तुमच्या पुढे. म्हणजे सावली नाही. आहे एक माझ्याकडे."

"फोर-के?"

"हो बाबा, फोर-के!"

"छताच्या मधोमध लाव," बायको दारातून म्हणाली. "आणि तो हात असतो ना, खाली वळणारा, तो लाव. पुसायला बरं पडतं."

साहेबांना गहिवरून आलं. आपण या बाईला आजवर ओळखलंच नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

रविवारी सकाळी दहाला मोठे साहेब आले. पांढरी टोपी, पांढरे बूट, एका हातात हातमोजा. मेहुणा कॉम्प्युटरपाशी बसला. बायकोने चहा-बिस्किटं ठेवली आणि ती शिलाईच्या स्टुलावर बसून बटणं लावू लागली.

"छान, छान," मोठे साहेब पडद्याकडे बघत म्हणाले. मग त्यांनी डोळे बारीक केले. "पण हे मैदान जाळीतून बघितल्यासारखं का वाटतंय हो?"

"तुम्ही फार जवळ उभे आहात, सर," साहेब घाईने म्हणाले.

मोठ्या साहेबांनी पवित्रा घेतला, कंबर वळवली आणि काठी फिरवली. ठप्प! झकास फटका. पडद्यावरचा चेंडू उसळला, वर गेला, आणखी वर गेला, आणि ढगापाशी जाऊन थांबला.

थांबला म्हणजे थांबलाच!

मोठे साहेब खांद्यावर काठी, एक टाच उचललेली, अशा ऐटीत चेंडूकडे बघत उभे. चेंडूही त्यांच्याकडे बघत उभा. एक मिनिट झालं. दोन झाली. खोलीत फक्त कॉम्प्युटरचा पंखा जीव तोडून फिरत होता.

"खाली येईल ना?" मोठ्या साहेबांनी ओठ न हलवता विचारलं.

"येतोय, सर. निघालाय."

मेहुणा साहेबांच्या कानाशी लागला. "भावोजी, रेझोल्यूशन कमी करतो. साध्यावर आणतो. आत्ता पळेल बघा."

"खबरदार!" साहेब दबक्या आवाजात कडाडले. "ब्याऐंशी लाखांचे वीस लाख करू? ठिपके काय फेकून द्यायचे माझे?"

"अहो, त्यांची टाच लटपटायला लागली!"

"लटपटू दे!"

तिसऱ्या मिनिटाला चेंडू उतरला. मोठ्या साहेबांनी टाच टेकवली आणि कंबर धरली. दुसऱ्या होलला चेंडू झाडाच्या फांदीपाशी अडकला. तोवर चहा संपला, बिस्किटं संपली, बायकोची सहा बटणं लावून झाली. मेहुणा हात जोडू लागला, साहेब मान हलवू लागले. तिसऱ्या होलला चेंडू तळ्यावर गेला आणि तिथेच राहिला. चार मिनिटं. पाच मिनिटं. मोठ्या साहेबांनी काठी भिंतीला टेकवली, हातमोजा काढला आणि टोपी नीट केली.

"मोजणीसाहेब," ते म्हणाले, "हा खाली आला की मला फोन करा."

आणि गेले! फाटकाचा आवाज आला तेव्हा पडद्यावर चेंडू टुपकन पाण्यात पडला.

मेहुणा पाय न वाजवता सटकला. बायकोने दोरा तोडला, सुयांचा डबा उघडला आणि कागदाची घडी साहेबांसमोर धरली.

"खोली घे गं," साहेब रडवेल्या आवाजात म्हणाले. "प्रोजेक्टर तेवढा मी काढून..."

"वाचा ना."

साहेबांनी वाचलं. जडवलेल्या. टांगलेल्या. ठेवलेल्या. अक्षर त्यांचंच, शब्द त्यांचेच, फट म्हणून नाही. त्यांनी छताकडे पाहिलं. प्रोजेक्टर टांगलेला होता.

"अगं, पण तुला काय करायचाय तो? सिनेमे बघणारेस?"

"उद्या या कामावरून. मग सांगते."

सोमवारी साहेब कचेरीतून घरी आले ते पाय ओढतच. मोठे साहेब दिवसभर कंबर धरून बसले होते आणि बोलले नव्हते. मागच्या खोलीत कापायचं टेबल पूर्वीच्या जागी आलं होतं, छताच्या ऐन मध्याखाली. प्रोजेक्टरची मान खाली वळवलेली होती. टेबलावर कोटाचं कापड पसरलेलं आणि त्या कापडावर उजेडाच्या रेघांनी आखलेला अख्खा कोट. खांदा, बाही, कॉलर, एकेक टाका. रेघ तर दोऱ्याइतकी बारीक! ना कागद, ना चिकटपट्टी. बायको सरळ रेघेवरून कात्री चालवत होती.

साहेब दाराला धरून उभे राहिले. "म्हणजे... तू पहिल्यापासून..."

"पहिल्यापासून नाही. तहाचा कागद वाचला तेव्हापासून. आणि पडद्याचं कापड हाताला लागलं तेव्हा खात्रीच झाली." तिची कात्री थांबली नाही. "इंचाला वीस धागे त्याचे. म्हणजे धागा सव्वा मिलिमीटरचा. तुमचा ठिपका पाऊण. धाग्याहून बारीक चित्र त्या जाडाभरड्यावर उमटायचं कुठून? साध्यानेही तेवढंच दिसलं असतं. पण मला रेघ बारीक हवी होती."

"आणि तू बोलली नाहीस!"

"तुम्ही विचारलंत कुठे? भिंग चादरीला लावलंत. पडद्याला लावलंत का?"

ब्याऐंशी लाख चौऱ्याण्णव हजार चारशे ठिपके मोजले आणि ते पडणार कशावर ते पाहिलंच नाही! आता खोली गेली, मैदान गेलं, 'वा' तर कायमचंच गेलं. साहेब वळून निघाले.

"अहो, थांबा," बायकोचा आवाज थोडा उतरला होता. "एक घोळ आहे. डावा खांदा उजव्यापेक्षा मोठा येतोय. सकाळपासून तीन कापडं वाया गेली. असंच राहिलं तर चोवीस कोट वेळेत होत नाहीत. काय चुकतंय कळत नाही."

साहेब थबकले. परत आले. खिशातून टेप निघाली. ती कधी खिशाबाहेर नसायचीच. त्यांनी टेबलाचे चारही कोपरे मोजले, मग टेबलावर वाकून उजेडाची चौकट मोजली, मग खुर्चीवर चढून प्रोजेक्टरखाली ओळंबा सोडला.

"तीन मिलिमीटर कललाय हा. डावीकडे," ते म्हणाले. "वरचा स्क्रू इकडे... अर्धा आटा... हं. आता बघ."

रेघा किंचित सरकल्या. बायकोने डावा खांदा मोजला. उजवा मोजला. पुन्हा डावा मोजला. मग तिने टेप खाली ठेवली आणि खुर्चीवर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे मान वर करून पाहिलं.

"वा!" ती म्हणाली.

साहेब ऐकतच राहिले. आणखी काही मोजायला आहे का म्हणून ते लगबगीने खुर्चीवरून उतरले आणि टेबलावर वाकले.

"अहो, बाजूला व्हा जरा," बायको म्हणाली. "सावली पडतेय."