फौजेच्या पायाखालचं पीठ

हेमकांतच्या फौजेला ऐन वेळी बर्फ कमी पडला. तोही रनाळ्यात, श्रावणातल्या शुक्रवारी, दुपारी चारच्या सुमाराला. सत्तावीस शिपाई ओसरीवरच्या पत्र्याच्या ताटात हारीने उभे होते आणि पुढच्या शनिवारी त्यांना नाशिकला लढायला जायचं होतं.

शिपाई प्लास्टिकचे, करंगळीच्या दोन पेरांएवढे. हेमकांत नंदुरबारच्या शाळेत भूगोल शिकवतो, वय छत्तीस. या वयात लोक शेतात बोअर पाडतात, हा बाहुल्यांच्या मिशा रंगवतो. टेबलावर फौजा मांडायच्या, फासे टाकून लढायचं, असा तो खेळ. नाशिकच्या स्पर्धेत दोन वर्षं अर्ज केल्यावर यंदा कुठे त्याचा नंबर लागला होता. लढाईचं बक्षीस वेगळं आणि फौजेच्या सजावटीचं वेगळं. हेमकांतचा डोळा सजावटीवर होता.

मिशा होऊन गेल्या होत्या. राहिले होते बेस. बेस म्हणजे शिपायाच्या पायाखालची रुपयाच्या नाण्याएवढी चकती. हेमकांतची आई कौसाबाई त्याला पाट म्हणत. मन्हा देवले एक पाट शे, यासले सत्तावीस, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

बेस सजवायला विकत काही आणावं लागत नाही, घरात सगळं असतं, असं हेमकांतचं म्हणणं. घरात सगळं होतं खरं. चहाचा चोथा वाळवून चकतीवर चिकटवला की शेतातली माती. सारंगखेड्याहून आणलेली वाळू चाळून घेतली की नदीचा काठ. विटेचा चुरा म्हणजे पडकी भिंत, नारळाची शेंडी कातरली की वाळकं गवत, मिरचीची देठं उभी केली की जळालेलं जंगल. पाहुण्यांनी चहा घेतला की हेमकांत गाळणीकडे धावायचा. देवापुढचा नारळ फुटायच्या आत शेंडी त्याच्या खिशात. पण नाशिकची फौज बर्फाळ प्रदेशातली ठरली होती, आणि भूगोलाच्या या मास्तरने उभ्या आयुष्यात बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसाच्या गाडीवर.

बर्फासाठी खायचा सोडा लागायचा. पांढऱ्या गोंदात सोडा कालवायचा, चमच्याच्या टोकाने चकतीवर थापायचा, वाळला की झाला हिमालय. सोडा संपला तेव्हा एकही बेस धड झाला नव्हता. चुनीलालच्या दुकानाला कुलूप होतं. हेमकांतने घर धुंडाळलं आणि देवघराच्या वरच्या फळीवर नव्या कापडात बांधलेला डबा त्याला सापडला. आत पीठ. इतकं पांढरं, इतकं बारीक, की त्याला आनंद झाला. वाटीभर घेतलं, गोंदात कालवलं आणि संध्याकाळपर्यंत सत्तावीस जण बर्फात उभे केले.

ते पीठ कानबाईच्या रोटांचं होतं.

कौसाबाईंच्या घरची कानबाई म्हणजे हलकी गोष्ट नव्हे. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते, अख्खी भाऊबंदकी त्यांच्याकडे जेवते. रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू कुळातल्या पुरुषागणिक मोजायचे, प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ, आणि तीही ज्याची त्याने आपल्या हाताने भरायची. यंदा एकतीस पुरुष निघाले. आठ महिन्यांच्या कुंदनचासुद्धा हात धान्यात दाबून घेतला होता, त्याच्या मुठीतून सात दाणे पडले, तेवढेच त्याचे. रोट कुळातल्यांनीच खायचे. परक्याला नाही, लग्न झालेल्या लेकीलाही नाही. पिठाचा कणही भाऊबंदकीबाहेर जाता कामा नये, आणि उरलं काही तर परसात खड्डा करून पुरायचं.

शनिवारी सकाळी सून चारुलता हिने डबा काढून सासूच्या हातात दिला. कौसाबाईंनी तो हातात घेतला आणि खाली ठेवला नाही. शाळा त्यांनी दोन इयत्ता पाहिली, पण डब्याचं वजन त्यांचा हात सांगतो.

"दोन मानसं कमी शेतस यामा," त्या म्हणाल्या.

चारुलताने नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, कुठे पाहायचं ते तिला माहीत होतं.

"मी लिधं माय," हेमकांत म्हणाला. "वाटीभरच."

"खादं?"

"नई. बर्फ कया."

कौसाबाई ओसरीवर गेल्या. सत्तावीस शिपाई कानबाईच्या पिठात घोट्यापर्यंत उभे होते. त्यांनी एकाला उचललं, नखाने खरवडून पाहिलं. नखाची धार गेली, बर्फाला काही झालं नाही. मग हेमकांत चाकू घेऊन बसला. तासाभरात एका शिपायाचा पाय गुडघ्यापासून निघाला. बर्फ जागच्या जागी.

एवढ्यात रंजनाबाई आल्या. या कौसाबाईंच्या धाकट्या जाऊ. कानबाई अडतीस वर्षं मोठ्या जावेकडेच का बसते, दरवर्षी घर का बदलत नाही, हा प्रश्न त्या अडतीस वर्षं विचारत होत्या आणि उत्तर कुणी देत नव्हतं. आज त्यांना उत्तर मिळाल्यासारखं झालं. त्यांनी ताटाभोवती एक फेरी घातली, डब्यात डोकावल्या आणि अगदी हळू आवाजात रीत सांगितली. हे पीठ खाता येणार नाही, म्हणजे ते उरलेलं. उरलेलं पुरतात. रीत काही त्यांनी केलेली नव्हती.

हेमकांतने आईकडे पाहिलं. आईने खाली पाहिलं, कारण रीत खरी होती आणि ती एवढी वर्षं कौसाबाईंनीच सगळ्यांना शिकवली होती. डब्यात कमी पडलेल्या पिठाला त्यांनी स्वतःच्या नावाने एक उपास धरला. बाहुल्यांच्या पिठाला उपासाचा इलाज नव्हता.

रविवारी कानबाई बसली, रोट झाले, जेवणं झाली. सोमवारी सकाळी वाजतगाजत देवीचं विसर्जन झालं आणि भाऊबंदकी परसात जमली. खड्डा खणायला शेतावरचा दोधू होता. तो दरवर्षी हातभर खणतो. त्याने यंदा विचारलं, सत्तावीस माणसांना किती खोल लागेल? कुणी हसलं नाही.

हेमकांत ताट घेऊन आला. येता येता त्याने शिपाई सरळ केले होते, भाले एका रेषेत, फौजेची राणी मधोमध, पाय तुटलेल्याला कडेला टेकवून. रंजनाबाईंनी पुढे होऊन ताटाला हात घातला.

"आन हेमू, मी ठेवस."

इथे कौसाबाईंना राग आला. पोरगा आपला, पीठ आपलं, खड्डाही आपल्या परसातला, आणि हात हिचा.

"थांब रंजना. पीठ भाऊबंदकीना बाहेर जावाले नको, इतलंच ना?"

"इतलंच, जिजी."

"मंग हाई भाऊबंद शेतस. दोन वरीस मन्हा छतखाले ऱ्हायनात. मन्ह्या चहाना चोथा खपाडी टाका त्यासनी. कोन्हा पाव्हना ऱ्हास दोन वरीस?"

लोकांनी माना हलवल्या. दोन वर्षं पाहुणा कुणाचाच राहिला नव्हता. पण रंजनाबाईही याच घरात नांदलेल्या.

"भाऊबंद शेतस तर त्यासना गहू कोठे मोज्यात? सत्तावीस जन. सत्तावीस सव्वा मुठी."

आता सगळे कौसाबाईंकडे पाहू लागले. एवढे गहू पुन्हा दळायचे आणि फौज जेवत नाही, म्हणजे ते रोट भाऊबंदकीनेच खायचे. दोन दिवस रोट खाऊन बसलेल्या पुरुषांनी पोटावर हात ठेवला.

कौसाबाईंनी चष्मा मागवला. एका शिपायाला चिमटीत धरून त्याचा हात उन्हाकडे केला.

"ज्यानी मूठ त्यानी, आपली रीत शे. कुंदनना सात दाना तूच मोज्यात. आते यानी मूठ पाह्य."

मूठ तिळाएवढीही नव्हती. वरून तिच्यात तलवार होती.

"यामा दाना मावस का?"

रंजनाबाईंनी पाहिलं. मावत नव्हता.

"यानी सव्वा मूठ याना पायखाले शे," कौसाबाई म्हणाल्या. "थोडी जास्तच व्हई."

"हाई मधली बाई शे," रंजनाबाईंनी शेवटचा डाव टाकला. "गहू मानूसले मोजतस."

"ती सून शे. सूनले रोट चालस. तू खादात ना काल?"

राणीचं लग्न झालेलं नाही, ती आपल्या हिमतीवर राज्य करते, हे सांगायला हेमकांतने तोंड उघडलं. चारुलताने त्याच्या पायावर पाय दिला. दोधूने खड्डा बुजवला.

शुक्रवारी फौज नाशिकला निघाली. भाऊबंद म्हटल्यावर कौसाबाईंना त्यांना तसंच पाठवता येईना. त्यांनी ताटाला हळदकुंकू लावलं आणि हेमकांतला बजावलं की परक्याच्या हातात कुणाला द्यायचं नाही.

रविवारी दुपारी रंजनाबाई कौसाबाईंच्या ओसरीवर होत्या. त्यांची मुलगी दीपमाला हिची सुपारी राखीपौर्णिमेला फुटायची होती, दोन दिवसांवर आली होती. शहाद्याहून पन्नास माणसं येणार होती आणि स्थळ मोठ्या मुश्किलीने जमलं होतं. मोठ्या जावेकडची पातेली मागितल्याशिवाय रनाळ्यात पन्नास माणूस जेवत नाही, म्हणून त्या आल्या होत्या. बोलणं पातेल्यांवरून झाऱ्यांवर आलं तेवढ्यात हेमकांतचा फोन आला. चारुलताने आवाज मोठा करून फोन मधे ठेवला.

सजावटीचं बक्षीस मिळालं होतं. खास बेससाठी. पुण्यामुंबईचे खेळाडू रांगेने येऊन विचारत होते की असा बर्फ कशाचा केला, सोड्याचा तर वाटत नाही.

"सांगू नको," कौसाबाई म्हणाल्या. "घरनी गोट शे. आनि लढाई?"

"हारनू माय. एकोणीस मरनात." मग जरा थांबून, "राणी बी."

रंजनाबाईंनी झारा खाली ठेवला, पदर सावरला आणि आठवडाभर जपून ठेवलेलं सुख चेहऱ्यावर येऊ न देता म्हणाल्या, "भाऊबंदकीना एकोणीस मानसं गयात. आंगोळ करा जिजी. सुतक शे."

कौसाबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"बरोबर शे तुन्हं. चारुलता, पानी तपाड. दोधूले सांग, शहाद्याले निरोप दे. भाऊबंद गयात म्हने, सुतक बठ्ठासले लागनं. दीपमालानी सुपारी दहा दिन पुढे."

चारुलता उठली. दोधू अंगणातच होता, त्याने चप्पल घातली. रंजनाबाईंनी त्याच्या चपलेकडे पाहिलं, मग पातेल्यांकडे पाहिलं. शहाद्याची माणसं एकदा मागे सरली तर पुन्हा यायची नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"प्लास्टिकले कसानं सुतक, जिजी," त्या पुटपुटल्या.

"काय म्हनी? हेमकांतले आयकू उनं नई."

रंजनाबाई फोनवर वाकल्या आणि जरा मोठ्याने म्हणाल्या, "बाहुला शेतस त्या. प्लास्टिकना."

"माले माहीत शे, काकू," नाशिकहून आवाज आला.

दोधूने चप्पल काढली. रंजनाबाई चार पातेली आणि दोन झारे घेऊन घरी गेल्या, आणि कानबाई पुढच्या वर्षी कुणाकडे बसायची याबद्दल त्या दिवशी काही बोलल्या नाहीत.

त्या गेल्यावर चारुलताने चूल विझवली. तिच्या मनात मघापासून एक गोष्ट घोळत होती.

"आत्याबाई, बाहुला शेतस तर मंग पीठ बाहेर गयं ना? आनि भाऊबंद शेतस तर सुतक. नेमकं काय समजानं आपन?"

कौसाबाईंनी देवघराच्या फळीवरचा रिकामा डबा खाली घेतला, कापडाने पुसला, आणि ज्याची चावी त्या कमरेला खोचत, त्या कपाटात ठेवला.

"दीपमालानी सुपारी फुटू दे पहिले," त्या म्हणाल्या. "मंग पाहू."