नेव्हिलचं शीर्षक आणि पलंगावरचा टॉवेल

ओमारू गावच्या नेव्हिल प्रिंगलने एक तरी गोष्ट आपल्या मनासारखी करून घ्यायची असं ठरवलं, तेव्हा त्याची साठी उलटून गेली होती. घराचा रंग, पडदे, कुत्र्याचं नाव, यांत त्याचं काही चाललं नव्हतं (कुत्र्याचं नाव ठरलं तेव्हा तो घरात हजर होता, इतकंच). म्हणून त्याने शीर्षकांचा विषय निवडला. त्यात तरी बायको पडणार नाही, असा त्याचा अंदाज होता.

त्यांच्या डोंगरभटक्या क्लबाची इंटरनेटवर एक विकी होती, सगळ्यांनी मिळून लिहायची. कुठल्या वाटेवरचा पूल वाहून गेला, डोंगरातल्या कुठल्या हटमधली, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीतली, चूल धूर ओकते, हे ज्याला ठाऊक त्याने लिहावं, दुसऱ्याने सुधारावं आणि पटलं नाही तर चर्चापानावर सगळ्यांदेखत भांडावं. आपल्या लिपीला लहान-मोठ्या अक्षरांचा जाच नाही, इंग्रजीला आहे. शीर्षकातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल काढायचं की फक्त पहिल्या शब्दाचं, यावरून चांगली शहाणीसुरती माणसं हातघाईवर येतात. नेव्हिलने चर्चापानावर सुचवलं: कॅपिटल फक्त पहिल्या शब्दाला, ठसा जाड, रंगबिंग काही नाही. असं शीर्षक लांबूनही वाचता येतं.

खाली पहिला विरोध आला तो रेविनचा. रेविन म्हणजे त्याची बायको. ती शेजारच्या खोलीत बसली होती. तिला प्रत्येक शब्दाला कॅपिटल हवं होतं आणि रंग हिरवा.

"अगं, मला तोंडाने सांगायचं ना!" नेव्हिल दारात येऊन म्हणाला.

"चर्चा पानावरच करायची, असा नियम आहे. तूच लिहिलायस."

मग आठवडाभर घरात "चहा?" आणि "हो" एवढंच बोलणं झालं, बाकी सगळं पानावर. नेव्हिलने लिहिलं, शिस्त म्हणून काही असते. रेविनने लिहिलं, जो माणूस लग्नापासून ओला टॉवेल पलंगावर टाकत आलाय, त्याने अक्षरांना शिस्त लावू नये. त्यावर नेव्हिलने लिहिलं (इथे तो चुकला), "पुरावा द्या."

तिने फोटो टाकला.

क्लबात कॅपिटलबद्दल मत असलेली माणसं मोजकीच होती. टॉवेलबद्दल प्रत्येकाला मत होतं. "तिच्या बाजूला टाकतोस का रे?" एकाने विचारलं. "माझ्याच," रेविनने तत्परतेने कळवलं. शेवटी क्लबाचा अध्यक्ष हेमी मध्ये पडला. हे दोन वेगळे विषय आहेत, म्हणाला, टॉवेलला स्वतंत्र पान द्या. नेव्हिलने त्याला फोन लावला.

"हेमी, बाबा रे, ते पान काढून टाक."

"सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय काही काढता येत नाही, दोस्ता. तुझाच नियम."

"आणि माझी शीर्षकं?"

"रेविन हो म्हणाली तर मंजूर."

रेविन हो म्हणाली. फार सहज म्हणाली, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. "घे, कर तुझ्या मनासारखं. फक्त टॉवेलच्या पानाला हात लावायचा नाही."

नेव्हिलला भरून आलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तो जिंकला होता. त्या आनंदात त्याने चहाबरोबरचे चीज स्कोन, ते छोटे खारे पाव, दोन जास्त खाल्ले आणि सगळी शीर्षकं एका बैठकीत बदलून टाकली. टॉवेलचं पान त्याने उघडूनसुद्धा पाहिलं नाही. जिंकलेल्या माणसाने कशाला पाहायचं?

पुढच्या महिन्यात क्लब डोंगरावर गेला. हेमीने विकीतली कामाची पानं छापून आधीच हटच्या भिंतीवर लावली होती. नेव्हिल पावसात निथळत दारात पोचला. चष्म्यावर वाफ धरली म्हणून त्याने तो काढला आणि समोर पाहिलं. चुलीभोवती बसलेली सगळी मंडळी माना वळवून त्याच्याकडे पाहू लागली.

पलीकडच्या भिंतीवर, झोपायच्या बाकांच्या वर, साध्या काळ्या जाड ठशात शीर्षक होतं: 'नेव्हिल आणि ओला टॉवेल'.

त्याने ते चष्म्याशिवाय, उंबऱ्यातूनच, कुठेही न अडखळता वाचलं.

"तुझं खरं होतं हं," मागून रेविन म्हणाली. "लांबूनही वाचता येतं."