अंकुशरावांच्या गाड्यांचं माहेर

अंकुशराव जुन्या मोटारसायकली विकतात, पण त्यांनी गाडी "विकली" असं म्हटलेलं कुणी ऐकलेलं नाही. ते गाडी "देतात". येरमाळ्याच्या अलीकडं हायवेला त्यांचं पत्र्याचं शेड आहे. तिथून मी माझी गाडी घेतली, तेव्हा व्यवहार पुरा झाल्यावर त्यांनी टाकीला हळदकुंकू लावलं, माझ्या हातात नारळ दिला आणि म्हणाले, "ताई, लई गुणाची हाय. नीट नांदवा."

मी किक मारली तशी ते पाठ फिरवून उभे राहिले. दिलेली गाडी जाताना ते बघत नाहीत. मला वाटलं, गिऱ्हाईक खूश करायची ही एक तऱ्हा असावी.

तऱ्हा नव्हती, ते मला तिथंच कळायला हवं होतं. माझ्याआधी एक गिऱ्हाईक आलं होतं, चांगलं तयार गिऱ्हाईक. अंकुशरावांनी त्याला विचारलं, "घरी सावली हाय का?" तो म्हणाला, गाडीला कशाला सावली, अंगणात उभी राहील. "उन्हात उभी करणार असाल तर न्हाय द्यायची," असं म्हणून त्यांनी त्या माणसाला चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवला. मला मात्र त्यांनी घरात माणसं किती, रस्ता कसा, चालवणार कोण, सगळं विचारलं. मीच चालवणार म्हटल्यावर जरा निवांत झाले. "बाईमाणूस हाय, समजून घेईल."

गॅरंटीचं विचारलं तर म्हणाले, "इंजिनाची सहा महिने माझी जबान. तवर माहेर उघडं हाय."

माझी खव्याची भट्टी आहे. सकाळी खवा निघाला की डबे बांधायचे आणि येरमाळ्याच्या पेढेवाल्याकडं पोचवायचे, एवढ्यासाठीच मी गाडी घेतली. चार महिने ती बरी चालली. मग धूर सोडायला लागली. आधी थोडा, मग असा की मागून येणारा माणूस शिव्या घालत पुढं जायचा. ऑइल प्यायला लागली होती. एक दिवस पेढेवाल्यानं खव्याचा गोळा नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"काकू, याला धुराचा वास येतोय."

"नाकाला सर्दी झाली असेल तुमच्या."

"चैत्रातली यात्रा तोंडावर आहे. आणखी एकदा असा माल आला तर मी दुसरी भट्टी बघतो."

वास येत होता, हे मलाही माहीत होतं. येडेश्वरीच्या यात्रेत जेवढा खवा उठतो, तेवढा एरवी महिनोन्‌महिने उठत नाही. तो पेढेवाला हातचा गेला, तर भट्टीला लाकडं कशासाठी लावायची हाच प्रश्न होता. आमच्या ह्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "तूच जा. तुझं तोंड चालतं." म्हणून मीच गेले.

अंकुशरावांनी धूर पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. गाडीभोवती फिरले, वाकलेल्या कॅरिअरवरून बोट फिरवलं.

"माझी पोर अशी गेली न्हवती, ताई."

"तुमची पोर ऑइल पिते."

"जाच झाला म्हंजे व्यसन लागतं. मागं काय लादता?"

"खवा."

"तिला कधी खाऊ घातला का, नुसताच वाहायला?"

आयुष्यात माझ्यावर बरेच आरोप झालेत, पण मोटारसायकलीला सासुरवास केल्याचा हा पहिलाच. मी म्हणाले, "जबान दिली होती. पाळता का नाही तेवढं सांगा."

ते एकदम ताठ झाले. "माहेर उघडं हाय म्हनलं म्हंजे उघडं हाय. पिस्टन, रिंगा सगळं बघतो. पर राहू द्या चार रोज. थकलीय."

चार रोज म्हणजे किती, हे माहेरी गेलेल्या कुणालाच माहीत नसतं. मी खव्याचे डबे मांडीवर घेऊन जीपनं जायला लागले. जीप भरल्याशिवाय हलत नाही, ऊन मात्र कुणासाठी थांबत नाही. डब्यातला खवा तूप सोडायचा आणि पेढेवाला घड्याळाकडं बघायचा, माझ्याकडं नाही. रोज फोन केला की अंकुशराव गाडीची खुशाली सांगायचे. "आज जरा खोकली." "आज रिंगा घातल्या, गप पडून हाय." मी विचारायची, द्यायची कधी. ते म्हणायचे, "यायचं तवा या की."

शेवटी पेढेवाल्यानं निरोप दिला की उद्या सकाळी यात्रेचा पहिला माल हवा, वेळेवर आणि वासाशिवाय. नसेल तर दुसऱ्या भट्टीला सांगून ठेवलंय. मी भट्टीवर दूध चढवलं, घरच्यांना ढवळायला बसवलं आणि शेडवर पोचले.

गाडी तयार होती. धुतलेली, कॅरिअर सरळ केलेलं. किक मारून पाहिली तर सायलेन्सरमधून धुराचा धागासुद्धा नाही. मी किल्लीसाठी हात पुढं केला. अंकुशरावांनी किल्ली खिशात टाकली.

"आज बुधवार हाय."

"मग?"

"बुधवारी लेक सासरी धाडत न्हाईत. उद्या न्या."

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. ही लोखंडाची गाडी आहे, तिला वार कळत नाही, म्हणाले. माझी भट्टी बुडवून तुम्हाला काय मिळणार, म्हणाले. "धाराशिवला ग्राहक मंचात जाईन," असंही म्हणाले.

"जावा. पर उद्या जावा. आज बुधवार हाय."

"घरी कोण असतं तुमच्या? त्यांच्याशीच बोलते. तुमच्याशी बोलून उपयोग नाही."

अंकुशराव गाडीकडं वळले. खाली बसले, फडक्यानं चाकाच्या तारा पुसायला लागले. आधीच पुसलेल्या तारा.

"कोन न्हाय," ते म्हणाले. "बायको परंड्याला. माहेरी."

"कधी येणार?"

"लई वर्सं झाली. भांडान झालं आन मीच म्हनलं, जा. आई म्हनत हुती, आज बुधवार हाय, नको धाडू. मीच यस्टीत बसवून आलो." फडकं थांबलं. "म्हनलं, राग गेला की येईल आपली आपन."

"न्यायला गेला नाहीत?"

"म्या? न्हाय."

"आणि ती अजून तिथंच आहे?"

"भावाच्या शेजारी खोली हाय तिची. शिवणकाम करती." पुन्हा तार पुसत म्हणाले, "चांगलं शिवती."

अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला येत नाही. भट्टीवर दूध चढलेलं होतं. मी म्हणाले, "अंकुशराव, तुम्ही मला गाडी धाडू नका. मी न्यायला आलेय. घरचं माणूस स्वतः न्यायला आल्यावर तुम्ही वार काढून बसणार का?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. मग खिशात हात घातला.

"व्हय," ते हळू म्हणाले. "धाडायला बुधवार चालत न्हाय. न्यायला आलं तर मग काय… कंचा बी वार चालतो."

किल्ली माझ्या हातात पडली. मी किक मारली. पहिल्याच किकला इंजिन सुरू झालं आणि मागं रस्ता स्वच्छ दिसत होता. उद्याचा माल पोचणार होता. आरशात पाहिलं तर अंकुशरावांनी या वेळी पाठ फिरवली नव्हती. उलट हात वर करून ते माझ्यामागं चालत येत होते. मी थांबले. म्हटलं, आता पुन्हा काय काढलं यांनी.

ते जवळ आले, कॅरिअरवर हात ठेवला.

"ताई, खवा किती टिकतो वो?"

"का?"

"परंड्यापतुर न्यायचा म्हनलं तर."

"सकाळी निघालात तर काही होत नाही," मी म्हणाले. "डबा मी देते. फक्त वाटेत गाडी उन्हात उभी करू नका."