लख्ख लॉन्ड्रीतला खेकडा

“सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे निर्धास्त झोपतात, ते माझ्या एकट्याच्या जिवावर,” असं सयाजी रोज सकाळी लख्ख लॉन्ड्रीच्या फळ्या काढताना सांगायचा. दोन्ही जिल्ह्यांना याची कल्पना नव्हती. माधवनगरातल्या त्या दुकानात तो पावत्या फाडायचा, त्याही चुकीच्या नावाच्या. पण अशी बुद्धी शतकातून एकदाच जन्माला येते आणि हे शतक आपल्या वाट्याला आलं, हे त्यानं स्वतःच शोधून काढलं होतं.

ते ऐकणं इस्त्रीवाल्या अर्जुनाच्या नशिबी होतं. त्यात चौऱ्याहत्तर साली त्याची नोकरीच निखाऱ्यावर आली. तीस वर्षं कपड्यांवर खुणा घालणारा तात्याबा औंधाला लेकीकडं निघून गेला आणि कपड्यांनी घरं बदलली. वकिलांचा कोट मास्तरांकडं, मास्तरांचं धोतर तालमीत. मालक आप्पासोंनी निकाल दिला, “कापडाला शेवटचा हात अर्जुनाचा. शनवारपातूर गठ्ठे नीट लागलं न्हाईत, तर त्याला नारळ.”

तात्याबाला कार्ड टाकलं. उत्तर आलं : ‘तीस वर्सांत कुनी इचारलं न्हाई. आता मी इसरलो.’

शुक्रवारी सयाजीनं भिंग काढलं. कॉलरींच्या आत शाईची बारकी चित्रं होती : खेकडा, कावळा, भोपळा.

“टोळी हाय, गड्या! खेकडा म्हंजे माल नदीतनं येतोय. कावळा म्हंजे वाईच्या घाटावर उतरतोय.”

“आन भोपळा रं?”

“भोपळ्यात माल.”

दुपारपर्यंत त्याच्या तपासात टोळीचे परदेशी हेर झाले, चहानंतर हेरांची करणी झाली. मग सयाजी दांडीवरच्या चादरीमागं पाळतीवर बसला. कपडे वाळत घालणाऱ्या हरणाबाईनं चादर त्याच्यासकट झटकली.

“आवं, कसली करणी? खेकडा वकील. सरळ चालतोय का कवा? कावळा मास्तर, दिसभर वरडतोय. भोपळा मामलेदार. प्वाट बघा की.”

अर्जुना इस्त्री सोडून धावला. “मावशे, तुला कसं ठावं?”

“तात्याबा खूण काढायचा, मला दावायचा, मग दोगं हसायचो.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तपास चालला हुता न्हवं. मधी कशाला बोलू?”

शनिवारी आप्पासोंनी बारा गठ्ठे सोडून बघितले. एक चूक नाही. “झ्याक! पर हे ग्यान आता एकाच्या टकुऱ्यात ऱ्हायाचं न्हाई. तक्ता करा, समद्यांनी पाठ करा. आन माझी खूण कंची?”

हरणाबाईला दांडीवरचे कपडे आठवले. अर्जुनाची इस्त्री एकाच बाहीवर फिरू लागली. आप्पासोंनी अंगातला सदरा काढून कॉलर उलटली.

आत रेडा होता. शिंगांसकट, जरा रागावलेला.

अर्जुनाच्या डोळ्यांपुढं नारळ आला, तोही शेंडीचा. एवढ्यात सयाजीनं भिंग उंचावलं.

“मालक, वेद कोन बोललं?”

“रेडा.”

“मग! दुसऱ्यास्नी तात्याबानं खूण दिली, तुमास्नी ग्यान दिलं!”

सयाजीचा चुकीचा निष्कर्ष आयुष्यात प्रथमच वेळेवर आला होता. आप्पासोंचे डोळे भरले. “तात्याबा मला येवढं मानायचा?”

“लय,” हरणाबाई पाठमोरीच म्हणाली.

अर्जुनाची नोकरी राहिली. सोमवारी आप्पासोंनी पेंटर बोलावून दुकानाच्या पाटीवर रेडा काढून घेतला. पहिलंच गिऱ्हाईक खाली थांबून म्हणालं,

“आप्पासो, फोटू झ्याक आलाय.”