बारदान्यातले चार मॉनिटर

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुमच्या तळहातावर मूठभर तूरडाळ आहे. ती कोणाच्या शेतातली, कोणत्या मिलमधली, हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. नुसतं बघून ठरवायचं, चांगली की हलकी. आता तळहाताच्या जागी एक लांब टेबल ठेवा आणि डाळीच्या जागी कॉम्प्युटरचे चार मॉनिटर. चारही पोत्यांत घातलेले, समोरून तेवढी चौकोनी खिडकी कापलेली. पुढ्यात तेरा वर्षांची एक मुलगी, कपाळाला आठ्या, बोटं कीबोर्डवर. दिसली? तिचं नाव ऋतुजा, राहणार लातूर. आता डोळे उघडा, मिटलेल्या डोळ्यांनी पुढचं वाचता यायचं नाही.

मॉनिटर पोत्यांत कसे गेले, ते आधी समजून घेऊ.

ऋतुजा मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ खेळायची. सहज म्हणून नव्हे, स्पर्धेत. नांदेडला जोड्यांची स्पर्धा होती. जोडीतल्या दोघांच्या दोन गाड्या, आणि दोघांचे गुण एकत्र. ऋतुजाची जोडीदारीण होती अयोध्या, पहिलीपासून एकाच बाकावर बसणारी मैत्रीण. पहिल्या फेरीत त्यांचा तिसरा नंबर आला. अयोध्याची गाडी नीट आली होती. ऋतुजाची मात्र तिसऱ्या वळणावर भिंतीला धडकली. एकदा नाही, शर्यतीच्या पाचही चकरांत, अगदी त्याच जागी. भिंतीला पोपडे येत असते तर तिथे आले असते.

घरी आल्यावर ऋतुजानं सांगितलं, की दोष मॉनिटरचा आहे. तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मॉनिटरवर हलणारं चित्र म्हणजे खरं तर भराभर बदलणारी पुष्कळ चित्रं. वहीच्या कोपऱ्यात तुम्ही पळणारा माणूस काढता आणि पानं भर्रकन सोडता, तसंच. घरातला जुना मॉनिटर सेकंदाला साठ चित्रं दाखवायचा. नवे एकशे ऐंशी, काही तर दोनशे चाळीस. जितकी चित्रं जास्त, तितकं वळण लवकर आणि स्वच्छ दिसतं.

इथवर ठीक होतं. पण ऋतुजा एवढ्यावर थांबली नाही. गुरुवारी तिनं अयोध्याला मेसेज पाठवला, ‘माझा मॉनिटर नवा येणार. तुझा जुनाच राहणार. दुसऱ्या फेरीला मी नांदेडच्या हरिओमसोबत खेळते. त्याच्याकडं दोनशे चाळीसचा हाय.’ अयोध्यानं मेसेज वाचला. उत्तर दिलं नाही. शुक्रवारी शाळेत ती बाकाच्या पार टोकाला बसली, एवढ्या टोकाला, की मधे तिसरी मुलगी सहज मावली असती. जोड्यांची नावं शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवायची होती. ऋतुजा नवा मॉनिटर बघून नावं पाठवणार होती.

शनिवारी सकाळी ती आईवडिलांना घेऊन शिवकुमारच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. आई उज्वलाचीही एक मागणी होती. तिला दुपारी निवांत वेळी फळं जुळवायचा खेळ खेळायची सवय होती, तो मोबाइलवर खेळून मान अवघडायची. तिला वेग नको होता. रंग खरे दिसावेत आणि डोळे चुरचुरू नयेत, बस्स. घरात मॉनिटर एकच येणार, तोच स्पर्धेलाही आणि दुपारच्या आंब्या-पेरूंनाही.

वडील मल्लिनाथ डाळमिलमध्ये नमुने बघायचे. तिथे एक पक्का रिवाज होता. नमुना यायचा तो नुसत्या आकड्याच्या चिठ्ठीसह. माल कोणाचा, हे बघणाऱ्याला कळू द्यायचं नाही. पाहुण्याचा आहे म्हटलं की खडासुद्धा डाळीसारखा दिसायला लागतो. शिवकुमार एकेका मॉनिटरचं कौतुक सांगायला लागला, तसं मल्लिनाथनी त्याला थांबवलं.

“नाव झाक आदी,” ते म्हणाले. “नाव दिसलं की डोळा लबाडी करतो.”

झाकायचं कशानं? मल्लिनाथच्या स्कूटरच्या डिकीत मिलचा बारदाना, म्हणजे रिकामी पोती, होतीच. शिवकुमारनं तीन मॉनिटर टेबलावर मांडले आणि हे तिन्ही एकाच कॉम्प्युटरला कसे जोडावेत याचा विचार करत आतल्या खोलीत डबी शोधायला गेला. एका कॉम्प्युटरचं चित्र चार मॉनिटरना वाटून देणारी डबी होती ती. मल्लिनाथनी मायलेकींना रस्त्याकडे तोंड करून उभं केलं, कात्रीनं पोत्यांना खिडक्या पाडल्या, मॉनिटरची जागा बदलली आणि प्रत्येकावर खडूनं आकडा घातला. शिवकुमार परत आला तेव्हा पोती चार होती. मॉनिटर किती काढले होते हे त्याला नेमकं आठवेना, आणि पोत्यातल्या भुशानं त्याला शिंका यायला लागल्या होत्या. त्यानं निमूट चारही वायरी जोडल्या.

ऋतुजा खेळायला बसली. मल्लिनाथनी जागा बदलण्याआधी तिनं एक गोष्ट पाहून ठेवली होती. शिवकुमारनं दोनशे चाळीसवाला मॉनिटर सगळ्यांत आधी, डाव्या टोकाला ठेवला होता. जागा बदलल्याचं तिला दिसलं नव्हतं, आणि आता डाव्या टोकाच्या पोत्यावर १ हा आकडा होता. तिनं एक नंबरवर दोन फेऱ्या मारल्या आणि मान डोलावली. दोन आणि तीनवर ती नुसती खेळली. चारवर आली आणि अर्ध्या फेरीतच उठली.

“एक नंबर लोण्यासारखा हाय,” ती म्हणाली. “चार नंबर लई लडखडतो. असल्यावर कोण जिंकंल?”

मग फळांचा खेळ लावून उज्वला म्हणाली, की एक नंबरात आंबा फिका दिसतोय, पेरू आणि आंबा यांतला फरक कळेना. तिला तीन नंबर आवडला होता. ऋतुजानं तिला समजावलं, की आई, हे फळांचं काम नाही, इथे वेग बघायचा असतो आणि तो बघायला डोळा तयार लागतो.

मल्लिनाथ चारही खिडक्यांसमोरून दोनदा गेले. मिलमध्ये नमुन्यांच्या ताटांसमोरून जात तसेच, मान किंचित तिरकी.

“रंगात फरक हाय,” ते म्हणाले. “पळण्यात न्हाई. पळण्यात चारीबी एकाच पोत्यातला माल हाय.”

दुकानात आता बरीच गर्दी झाली होती. लातुरात शिकवणीची मुलं रस्त्यानं सतत जात-येत असतात आणि पोत्यातला मॉनिटर रोज बघायला मिळत नाही. मल्लिनाथचं बोलणं ऐकून मुलं हसली. ऋतुजाही हसली. तिनं पुन्हा एकदा, जरा मोठ्यांदा, एक आणि चारमधला फरक समजावून सांगितला. तिचा आवाज स्वच्छ होता आणि तिला एकही शंका नव्हती. शंका नसलेल्या माणसाचं लोक चटकन ऐकतात.

पहिल्यांदा ऐकलं ते देविदासरावांनी. धर्माबादला त्यांचं कॉम्प्युटरचं छोटं सेंटर होतं. ते वेगळाच एक मॉनिटर ठरवून आले होते, पण या पोरीचं बोलणं ऐकून त्यांनी सरळ एक नंबरची वायर काढली आणि पोत्यासकट मॉनिटर काखेत मारला. शिवकुमार नवीन डबा देतो म्हणाला, तर त्यांनी मान हलवली.

“डबा नको. पोरीनं पारखलेला हाच नग पायजे. जल्दी बिल करा, माझी एसटी हाय.”

दुसरा ऐकणारा होता अंगद, बारावीचा विद्यार्थी. त्यानं पोत्याची कड उचलून चार नंबर बघितला आणि त्याचा चेहरा पडला. नेमका तोच मॉनिटर त्यानं दोन दिवसांपूर्वी इथून नेला होता. तो तसाच शेजारच्या होस्टेलवर गेला आणि स्वतःचा मॉनिटर छातीशी धरून परत आला. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की काल याच्यामुळे तो सहा डाव हरला, तरी बदलून द्यावा.

“आरं, त्यो दुकानातला सगळ्यांत भारी माल हाय,” शिवकुमार म्हणाला.

“मग लडखडतो कामून?” अंगदनं विचारलं. मागची चार मुलंही तेच विचारायला लागली. त्यांतल्या दोघांनी अजून काहीच विकत घेतलेलं नव्हतं.

निदान एक गिऱ्हाईक तरी वाटेला लावावं म्हणून शिवकुमार देविदासरावांचं बिल करायला गल्ल्याकडे वळला. खुर्चीत बसला, कीबोर्ड पुढे ओढला, मान वर केली. समोर भिंत होती.

“अण्णा,” तो सावकाश म्हणाला, “हितला बिलाचा मॉनिटर कुटं गेला?”

मल्लिनाथनी देविदासरावांच्या काखेकडे बोट दाखवलं.

देविदासरावांनी पोतं खाली उतरवलं. आतून निघाला नऊ वर्षांचा जुना मॉनिटर, कडेला हळदीचं बोट आणि खाली चिकटवलेली दुकानाच्या सुट्टीची चिठ्ठी.

मल्लिनाथनी शांतपणे सांगितलं. मिलमध्ये दहा नमुन्यांत एक ओळखीचा, हलका नमुना मुद्दाम घालतात. मालाची परीक्षा घ्यायला नव्हे, बघणाऱ्याची. म्हणून त्यांनी गल्ल्यावरचा मॉनिटर मधे घुसवला होता. ऋतुजानं लोण्याची उपमा दिली होती ती त्याला. आणि लडखडणारा चार नंबर होता तो दोनशे चाळीसवाला.

ऋतुजाचे कान लाल झाले. पण शिवकुमार एकदम उभा राहिला. त्यानं चार नंबरच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलं, मग तीनच्या, मग दोनच्या. सगळीकडे साठ. ती वाटून देणारी डबी मोठी समजूतदार होती. चौघांतल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्याला जेवढं झेपेल, तेवढंच ती सगळ्यांना द्यायची, आणि बंद करून पुन्हा लावेपर्यंत तेच धरून ठेवायची. जुना मॉनिटर मधे आला आणि बाकीचे तिघे त्याच्या चालीनं चालायला लागले.

“म्हणजे अण्णा बरोबर बोलले,” शिवकुमार म्हणाला. “चारीबी सारखेच पळत होते. आन तसे पळत होते तेबी अण्णामुळंच.”

मल्लिनाथ थोडा वेळ पोत्याच्या धाग्याशी चाळा करत राहिले. हलकी मूठ शेजारी ठेवली म्हणून चांगली डाळ कधी हलकी होत नाही. मॉनिटर होतात, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तसं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. “चूक माझी हाय. पोरीला हसू नका. माझाबी नमुना फसला.”

ऋतुजाच्या बाजूनं तिथे बोललेलं ते पहिलं वाक्य होतं आणि ते ऐकून तिला जास्तच कसंतरी झालं.

शिवकुमारनं डबी काढून टाकली आणि एकेक मॉनिटर थेट कॉम्प्युटरला जोडला. अंगदनं चार नंबर बघितला, आपला मॉनिटर पुन्हा छातीशी धरला आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत होस्टेलकडे निघून गेला. देविदासरावांनी आधी जो ठरवला होता तोच मॉनिटर घेतला आणि एसटी गाठायला पळाले.

मग ऋतुजा तीन नंबरसमोर बसली, एकशे ऐंशीच्या. आता फरक खरोखरच होता. रस्ता पाण्यासारखा वाहत येत होता, कडेची झाडं एकेक वेगळी दिसत होती. तिसरं वळण तिला लांबूनच दिसलं, कधी दिसलं नव्हतं इतकं स्वच्छ. भिंतीची वीटन् वीट दिसली.

आणि गाडी जाऊन त्या भिंतीला धडकली.

तिनं पुन्हा फेरी मारली. पुन्हा धडकली. उज्वला काहीतरी बोलणार होती, मल्लिनाथनी नुसता हात वर केला. ऋतुजानं चार नंबर जोडायला सांगितलं. दोनशे चाळीसवर भिंत आणखी सुरेख दिसली आणि तेवढ्याच जोरात लागली. ऋतुजा हात मांडीवर ठेवून बसून राहिली. शिकवणीची मुलं एकेक करून पांगली, कारण आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तीन नंबर घरी आला. त्यात वेग पुरेसा होता आणि आंबा आंब्यासारखा दिसत होता. चोवीस इंची, म्हणजे स्पर्धेत मान न हलवता सगळे कोपरे नजरेत यावेत असा. मल्लिनाथनी तो टेबलावर लावला, सेटिंगमध्ये एकशे ऐंशी आहे ना, हे दोनदा बघितलं आणि खुर्ची मोकळी करून दिली. पावणेपाच वाजले होते. सहापर्यंत नावं पाठवायची होती.

ऋतुजा खुर्चीत बसली नाही. तिनं सायकल काढली आणि अयोध्याच्या घरी गेली.

अयोध्या आपल्या जुन्या मॉनिटरसमोर एकटीच खेळत होती. मॉनिटरच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ होती. ऋतुजा दाराशी उभी राहिली. अयोध्यानं मागे वळून बघितलं नाही. तिची गाडी तिसऱ्या वळणाकडे आली, वळली आणि पुढे गेली. भिंतीला शिवलीसुद्धा नाही.

“दोनशे चाळीसवरबी मी तितंच धडकले,” ऋतुजा म्हणाली. “गुरुवारी मी तुला लई वाईट लिवलं. तुझा स्क्रीन वाईट नव्हता. माझं वळण वाईट हाय.”

अयोध्यानं पुढचंही वळण काढलं. गाडी चालतच होती.

“हरिओम काय म्हणला?” तिनं विचारलं.

“त्याला इचारलंच न्हाई.” मग जरा थांबून ऋतुजा म्हणाली, “तू ब्रेक कवा दाबतीस? वळणाच्या आदी का वळणात?”

अयोध्यानं खेळ थांबवला. खाटेवरची दप्तरं उचलून खाली ठेवली, सरकून थोडी जागा केली आणि तेच वळण पुन्हा लावलं, या वेळी अगदी हळू.

ऋतुजा तिच्याजवळ बसली. तिनं मॉनिटरकडे बघितलंच नाही. ती अयोध्याच्या बोटांकडे बघत राहिली.