दौलतकाकांचा दीड टन

दौलतकाका लग्नाला निघाले का आधी माझ्या आटाचक्कीवर येतात आणि धान्याच्या काट्यावर उभे राहतात. जेवून परत आले का पुन्हा उभे राहतात. मधे वजन किती वाढलं त्यावरून आहेराचा लिफाफा वसूल झाला का नाही ते ठरवतात. एकदा रामाकोना गावाच्या एका लग्नातून आले, काट्यावर चढले, तर आकडा जातानाचाच. तोंड एवढंसं झालं. "आहेर बुडाला, कुसुम. आलूच्या भाजीत नुसती रस्सी होती, आलू नाही." मग खाली पायाकडे पाहिलं आणि एकदम उजळले. "थांब! जाताना पायात जोडे होते. मांडवातून कोणीतरी नेले. म्हणजे जोड्याएवढं तर जेवलोच ना!" आणि हा माणूस अनवाणी, खुशीत घरी गेला.

आमची भिंतीला भिंत लागून आहे. काकांचा उभा जन्म जिनिंगच्या काट्यावर गेला. कापसाची भरली गाडी तोलायची, माल उतरला का रिकामी गाडी तोलायची, आणि गाडीचं वजन वजा करायचं. याला ते 'धडा करणं' म्हणतात. नोकरी सुटली, धडा काही सुटला नाही. मिठाईवाल्यानं बर्फी डब्यासकट तोलली का त्याची खैर नाही. कोणी पोरीसाठी आलेल्या स्थळाची तारीफ केली का काका म्हणणार, "आधी धडा कर, मंग बोल. बापाची जमीन वजा कर, मामाची वळख वजा कर, अन पोट्टा किती भरते ते सांग." माझ्या काट्यावर तर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही. मी दळण मोजताना काट्याखाली वाकून पाहतात. एकदा मी रागानं म्हटलं, "काका, वाकलेच आहात तर झाडून पण घ्या." घेतलं झाडून! आणि वर म्हणाले, "आता बरोबर दाखवून राहिला."

अशा बापाच्या पोटी वैशू. उशिरा झालेली, एकुलती. काकू गेल्यापासून घरात बाप आणि लेक दोघंच. पोरीचे हात मात्र भारी चालतात. माझ्या चक्कीची मोटर दोनदा तिनंच सुरू करून दिली. बारावी झाली आणि तिनं जाहीर केलं, "बाबा, मी नागपूरले जाऊन एसी-फ्रिज दुरुस्तीचा कोर्स करतो. सर्टिफिकेट भेटते."

"एसी? पांढुर्ण्यात?"

"आता जिल्हा झाला ना बाबा. जिल्हा झाला का साहेब येते, साहेब आला का एसी येते, अन एसी आला का बिघडते."

मला तर पोरीचं बोलणं काट्यावर तोलल्यासारखं वाटलं. पण काकांचं सारं लक्ष दुसरीकडेच गेलं होतं. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात एसी बसला. डॉक्टरांनी कौतुकानं सांगितलं, "दीड टनाचा आहे." झालं. काका भिंत ठोकून पाहू लागले. चार इंची भिंत, त्यावर दीड टन! कापसाची भरली गाडी भिंतीला टांगल्यागत त्यांना दिसू लागली. दवाखान्याच्या दारात उभं राहून ते पेशंटला सांगू लागले, "त्याच्या खाली नोको बसू बाप्पा. ताप परवडला." दोन बाया सुई टोचून न घेताच परत गेल्या. डॉक्टर हात जोडून माझ्याकडे आले, "ताई, तुमच्या शेजाऱ्यांना आवरा." मी म्हटलं, माझ्याच्यानं आवरले असते तर अजून काय पाहिजे होतं!

पुढे तो एसी सफाईसाठी उतरवला, तर काकांनी बाहेरचा डबा आणि आतला डबा दोन्ही हातगाडीवर घातले आणि आणले माझ्या चक्कीवर. तोलले. दोन्ही मिळून पन्नास किलोसुद्धा भरेनात.

"दीड टन म्हणे!" काका असे ओरडले का पट्ट्यावरचं दळण थांबवून मला बाहेर यावं लागलं. "चौदा क्विंटलच्या वर माल गायब! आमच्या जिनिंगवर किलोभर कमी भरला तर कास्तकार कॉलर धरत होता. अन इथं डॉक्टर हासून राहिला!" मग पोरीकडे वळले. "अशा चोट्ट्या धंद्यात तुले टाकू? नाही जमत."

वैशूनं कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, ते वजन नाही. एक टन बरफ दिवसभर वितळला तर जेवढं थंड होते, तेवढं थंड करते म्हणून एक टन."

"बरफ कुठी आहे मंग?"

"बरफ नसतेच बाबा!"

"नसते तर तोलला कोणं?"

पोरगी रडकुंडीला आली. काका तडक बर्फाच्या कारखान्यात गेले, एक लादी आणली आणि ठेवली कुठे? माझ्या काट्यावर. समोर पंखा लावला, पंख्यासमोर स्वतः बसले. लादी वितळत गेली, पाणी माझ्या गव्हाच्या पोत्याखाली शिरत गेलं. मी झाडू घेऊन धावले, बोलायचं ते सगळं बोलले. काका लादीवरून येणारी हवा खात डोळे मिटून बसले होते. शेवटी दोन शिंका दिल्या आणि म्हणाले, "मानलं. धंदा इमानदार आहे." दुसऱ्या दिवसापासून गल्लीभर सांगत सुटले का डॉक्टर रोज दीड टन बर्फ वितळवून राहिला अन चिखल कुठीच नाही.

मला वाटलं, आता पोरीचं नाव टाकतील. कुठलं काय! आता कोर्सच काट्यावर चढला. नाव टाकायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, आणि बापलेक माझ्या ओट्यावर हिशेबाला बसले. एका बाजूला फी, खोलीचं भाडं, मेसचा डबा. दुसऱ्या बाजूला वैशूची कमाई. पहिला उन्हाळा कोणाच्या तरी हाताखाली, मग स्वतःची कामं. उन्हाळ्याभरात फी निघून येत होती, हे मलासुद्धा कळत होतं. पण काका धडा करायला लागले.

"हिवाळ्यात एसी कोण लावते? वजा."

"हिवाळ्यात गीझर दुरुस्त करीन ना."

"शिडीवरून पडशीन. दवाखाना वजा. लोक उधार ठेवतीन, वजा. पोरीले पाहून भाव पाडतीन, वजा. नागपूरची गाडी चुकली, वजा."

"गाडी चुकली तर दुसरी येते बाबा."

"दुसरीचंही तिकीट लागते. वजा."

असं करता करता पोरगी कमावती व्हायच्या आधीच कंगाल झाली. ती उठली आणि घरात निघून गेली. माझं डोकं सणकलं. "काका, तुम्ही पोरीची कमाई तोलून राहिले का पोरीचाच धडा करून राहिले? भाडं तर तुम्ही दोनदा वजा केलं!"

"तीनदा केलं," काका हळूच म्हणाले.

 जन्मात काट्याची चूक न केलेला माणूस!

"फी निघते, कुसुम. मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. मुद्दाम चुकवून राहिलो." त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "पोट्टी गेली का घरात कोण आहे? भाजीत मीठ कमी पडलं, हे तरी मी कोणाले सांगू?"

मला गावात तोंडाळ म्हणतात. पण तेव्हा मी आवाज खाली आणून म्हटलं, "मंग हेच तिला सांगा ना सरळ. कायले एवढा हिशेब?"

"सांगितलं तर पोट्टी जाणार नाही ना," काका म्हणाले. "माझ्यापाशीच बसून राहील."

 मग उठले, दाराशी जाऊन हाक मारली, "वैशे, बॅग भर. सकाळच्या गाडीनं जाऊन राहिलो नाव टाकाले. हिशोब बसला." आणि मागे वळून मला बोटानं खूण केली, का गप्प राहा.

वैशू नागपूरला गेली. फोनवर काका तिला एकच सांगतात, मी मस्त आहो. पूर्वी काका महिन्याचं दळण एकदम आणायचे. आता रोज सकाळी डब्यात पावभर ज्वारी घेऊन येतात. पावभर दाणे चक्कीत घातले तर अर्धं पीठ दगडालाच चिकटतं. दुसरं कोणी आणलं असतं तर मी डबा रस्त्यावर भिरकावला असता. काकांचा डबा मी मुकाट्यानं घेते. ते पोत्यावर बसतात, आल्यागेल्याशी बोलतात.

"झालं, काका," म्हणून मी डबा पुढे केला का म्हणतात, "राहू दे थोडा वेळ. बाकीच्यांचं होऊ दे पहिले, मले कायची घाई आहे?"