सुखरामकाकांची पात्रता

सुखरामकाकांना सत्काराचा नारळ देऊन बघा, परत करतील. टॉवेल-टोपी पुढे केली तर हात मागे बांधतील. आमच्या सालेकशात हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरचा पाहुणाच तेवढा फसतो.

कारण एकच. काकांना राष्ट्रपती व्हायला पात्र राहायचं आहे. व्हायचं नाही हं, नुसतं पात्र राहायचं. "भारताचा नागरिक? आहो. पस्तीस पूर्ण? कवाचेच. लोकसभेले उभं राहाले लायक? आहो जी. लाभाचं पद? नाही!" हे शेवटचं 'नाही' असं की बांधावरचे बगळे उडावेत. आणि सत्काराचा नारळ, टॉवेल-टोपी हाही त्यांच्या लेखी लाभच.

काका आमचे शेजारी. धानाची थोडी शेती, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पाणीसमिती, भजनमंडळ, सगळ्यांनी त्यांना अध्यक्ष करून पाहिलं, पण बुवा काही बधत नाही. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, संविधानात सरकारी पद म्हटलंय. भजनमंडळ काय सरकारी आहे?"

"नसल. पन उद्या कोनी अर्जावर बोट ठेवलं तं? आपल्याकडून खोट कायले ठेवाची?"

मला पस्तीस पूर्ण झाली त्या दिवशी आई सकाळपासून डोळ्यांना पदर लावून बसली होती. वडील नाहीत, मुलगी अजून बिनलग्नाची. तेवढ्यात काका पेढे घेऊन दारात उभे. "वहिनी, रडून काऊन राहिल्या? पोरगी आजपासून राष्ट्रपती व्हाले पात्र झाली!" आई रडता रडता हसली. त्या हसण्यापायी मी काकांना सात खून माफ केले.

पुढच्याच वर्षी माझं लग्न जमलं. मुलगा गोंदियाचा, मीच पसंत केलेला. वडिलांच्या जागी मला काकाच उभे हवे होते, दुसरं कोणी चालणार नव्हतं. पण व्याहीभेटीत मुलाचे वडील मुलीच्या वडिलांना टॉवेल-टोपी देणारच. ती नाकारली तर भर मांडवात व्याह्यांचा अपमान. मी विचारलं तेव्हा काका "पाहतो," एवढंच म्हणाले.

लग्नाच्या दिवशी काका नीळ घातलेल्या धोतरात हजर. व्याहीभेट पुकारली गेली. माझ्या सासऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, टोपी पुढे केली. बँड वाजतच होता, पण आमचं अख्खं गाव श्वास रोखून काकांच्या हातांकडे बघत होतं.

काकांनी मान वाकवली आणि टोपी घालून घेतली.

निघताना रडू आवरावं म्हणून मी त्यांना चिडवलं, "काका, लाभ झाला जी. राष्ट्रपतीपद गेलं आता."

त्यांनी डोक्यावरची टोपी सरळ केली.

"जाऊ दे. देशाले राष्ट्रपती भेटल कोनीबी. माले पोरगी कोठी भेटत होती?"